सेटमधून खरंच किती वॅट बाहेर पडतात?

समजा, समोर हॅम म्हणजे हौशी रेडिओचा, 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झचा), घरी जोडलेला एसएसबी सेट आहे; एसएसबी ही आवाज पाठवायची एक पद्धत. हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्सच्या पठडीतला, शेवटी आयआरएफ510 हा एकच आउटपुट ट्रान्झिस्टर, पुरवठा 12 व्होल्टचा. केबल तीच, डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) तोच. मधे क्रॉस-नीडल (काट्यांचा) पॉवर मीटर घातला तर काटा 9 वॅट दाखवतो. डायोड आणि मल्टिमीटरने मोजलं तर 7.2 वॅट येतात. जुना 20 मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, म्हणजे स्कोप, लावला तर 6.2. सेट प्रत्यक्षात 7 वॅट देतोय. तिन्ही साधनं ठणठणीत आहेत आणि तरी तिन्ही चुकताहेत, प्रत्येक आपापल्या कारणाने. ती कारणं कळली की साध्या सामानातही पाच टक्क्यांच्या आत मोजता येतं.

इतकी मगजमारी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. 9 आणि 7 वॅटमधला फरक जेमतेम 1.1 डेसिबलचा, आणि एस-मीटरवरचा (रिसीव्हरवर सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचा) एक एस म्हणजे 6 डेसिबल. समोरच्या स्टेशनला हा फरक ऐकूही येणार नाही. पण क्यूआरपीची (कमी पॉवरवर बोलण्याच्या छंदाची) सीडब्ल्यूवरची, म्हणजे मोर्सवरची, मर्यादा 5 वॅट आहे, परवान्यातही वॅटची मर्यादा असते, आणि फिल्टरची कॉइल बदलल्यावर सेट सुधारला की बिघडला हे आकड्याशिवाय सांगता येत नाही. शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं.

आधी लोड

मोजमाप करताना अँटेना काढून ठेवायची आणि जागी 50 ओहमचा डमी लोड लावायचा. घरी करायचा सोपा लोड म्हणजे 1 किलोओहमचे, 2 वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर, 20 नग, सगळे समांतर. 1000 भागिले 20, म्हणजे 50 ओहम, आणि 40 वॅट पेलणारा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे रेझिस्टर सुटे मिळतात. तांब्याच्या थराच्या पीसीबीच्या दोन चकत्या घ्या, रेझिस्टर त्यांच्यामध्ये गोलाकार उभे करा, पाय तीन-चार मिलिमीटरपेक्षा लांब ठेवू नका, आणि एका चकतीच्या मध्यावर सॉकेट बसवा.

पांढरे सिमेंटचे रेझिस्टर मात्र नकोत, ते कितीही दणकट दिसले तरी. त्यांच्या आत तारेची गुंडाळी असते. ती फक्त 1 मायक्रोहेन्रीची धरली तरी 7 मेगाहर्ट्झवर तिचा अडथळा 44 ओहम होतो. मल्टिमीटर दाखवतो 50, आणि सेटला दिसतं भलतंच काहीतरी.

लोड तयार झाला की मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजा. आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा. साधारण 0.2 ते 0.5 ओहम असतो, तो वजा करायचा. समजा लोड 51.3 ओहमचा निघाला. काही बिघडत नाही, फक्त यापुढे सूत्रात 50 ऐवजी 51.3 घाला. तसं केलं नाही तर अडीच टक्क्यांची चूक पहिल्याच पायरीवर घरात आली. जवळ नॅनोव्हीएनए (अँटेना आणि लोड तपासायचं छोटं यंत्र) असेल तर कामाच्या बँडवर एसडब्ल्यूआर (लोड किती जुळतो याचं माप, 1 म्हणजे अचूक) 1.05 च्या आत आहे का तेही बघून घ्या, कारण मल्टिमीटर फक्त डीसीपुरतं सांगतो.

डायोडची गोष्ट

सगळ्यात स्वस्त आणि नीट वापरला तर सगळ्यात विश्वासू उपाय हा. लोडच्या गरम टोकाला 1एन4148 डायोडचा ॲनोड, कॅथोडपासून जमिनीला 0.01 मायक्रोफॅरडचा 100 व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर. पुढे 10 किलोओहमचा रेझिस्टर, त्यानंतर तसाच आणखी एक कपॅसिटर, आणि तिथे डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. तो 10 किलोओहम विसरू नका. तो नसला की मीटरच्या वायरी अँटेनासारख्या आरएफ (सेटची रेडिओ लाट) उचलतात आणि आकडा हात जवळ नेला तरी बदलतो. मीटरचा स्वतःचा इनपुट 10 मेगाओहमचा असतो, त्यामुळे या रेझिस्टरने वाचनात फक्त एक हजारांश फरक पडतो.

कपॅसिटर लाटेच्या शिखरापर्यंत भरतो. म्हणजे मल्टिमीटरवर दिसतं ते पीक व्होल्टेज, त्यातून डायोडने खाल्लेलं वजा होऊन. म्हणून हिशोब असा: वाचनात डायोडचा ड्रॉप मिळवा, बेरजेचा वर्ग करा, आणि लोडच्या दुपटीने भागा. 50 ओहमला भागाकार 100 ने, तोंडी होतो.

आपल्या सेटला मीटरवर 26.1 व्होल्ट आले. पुस्तकात सिलिकॉन डायोडचा ड्रॉप 0.7 दिलेला असतो, तो मिळवला की 26.8, वर्ग 718, म्हणजे 7.2 वॅट. सुरुवातीचा आकडा असा आला. पण 0.7 व्होल्टचा ड्रॉप येतो तो काही मिलिॲम्पिअर वाहताना. इथे 10 मेगाओहमच्या मीटरमधून 3 मायक्रोॲम्पिअरसुद्धा जात नाहीत, आणि तेवढ्याला ड्रॉप 0.35 च्या आसपास राहतो. 26.1 अधिक 0.35, म्हणजे 26.45, आणि उत्तर 7.0 वॅट. स्वतःच्या डायोडचा अंदाज घ्यायचा तर सेट बाजूला ठेवून त्याच जोडणीला बेंच सप्लायमधून 26 व्होल्ट डीसी द्या आणि मीटरवर किती कमी आले ते बघा. आरएफवर डायोड फक्त शिखरापाशी क्षणभर चालू होतो, त्यामुळे तिथला ड्रॉप या आकड्यापेक्षा थोडा जास्तच असतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.

मोठ्या पॉवरला ही घासाघीस फार नडत नाही. 26 व्होल्टमध्ये 0.1 इकडेतिकडे झालं तर वॅटमध्ये टक्काही फरक पडत नाही. लहान पॉवरला मात्र तीच गोष्ट मुळावर येते. 100 मिलिवॅटचं शिखर 3.16 व्होल्ट. त्यात 0.35 चा ड्रॉप विचारात घेतला नाही तर उत्तर येतं 79 मिलिवॅट. 10 मिलिवॅटला शिखरच 1 व्होल्टचं, तिथे डायोडवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

आता वरची मर्यादा. सेटच्या लाटेने खालचं टोक गाठलं की डायोडच्या एका बाजूला कपॅसिटरवरचे अधिक 26 आणि दुसऱ्या बाजूला लाटेचे उणे 26 असतात. म्हणजे उलटं व्होल्टेज शिखराच्या दुप्पट, इथे 53. 1एन4148 सतत 75 व्होल्टपर्यंत सोसतो, म्हणजे 50 ओहमवर साधारण 14 वॅटपर्यंत. 1एन5711 हा शॉटकी डायोड लहान पॉवरला छान, पण तो 70 व्होल्टचा, 12 वॅटवर त्याचा जीव जातो. पुष्कळदा तो जळत नाही, नुसता गळका होतो, आणि पुढचे सहा महिने वाचन गुपचूप कमी येत राहतं. जास्त पॉवरचा सेट असेल तर लोडच 25-25 ओहमचे दोन भाग एकापुढे एक जोडून करा आणि डायोड मधल्या सांध्याला लावा. तिथे व्होल्टेज निम्मं, म्हणून त्याच्या वर्गाला 100 ऐवजी 25 ने भागायचं, आणि 1एन4148 सुद्धा 50 वॅटला निर्धास्त चालतो.

या पद्धतीचा खरा शत्रू वेगळाच आहे: हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींत निघणाऱ्या नको असलेल्या लाटा. सेटमधून मूळ लाटेच्या दहा टक्के व्होल्टेजचं दुसरं हार्मोनिक निघत असेल तर त्यात पॉवर असते फक्त एक टक्का. पण दोन्ही शिखरं एकावर एक आली तर पीक दहा टक्क्यांनी उंचावतं आणि हिशोबात 21 टक्के वॅट जास्त दिसतात. दुसऱ्या बाजूला तीच लाट दहा टक्क्यांनी बुटकी होते, तिथून मोजलं तर 19 टक्के कमी. यातच त्याला पकडायची युक्ती आहे. डायोड उलटा जोडा, मीटरचं चिन्ह उणे येईल, आणि आकडा तोच येतो का बघा. दोन वाचनं वेगळी आली तर त्या अडवणाऱ्या लो-पास फिल्टरकडे आधी लक्ष द्या, वॅट नंतर मोजू. तिसरं हार्मोनिक मात्र या चाचणीत सापडत नाही, ते दोन्ही शिखरांना सारखंच हलवतं.

स्कोप कमी का दाखवतो

स्कोपवर पीक-टू-पीक (लाटेच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचं व्होल्टेज) वाचायचं, वर्ग करायचा आणि लोडच्या आठपटीने, म्हणजे 400 ने भागायचं. 7 वॅटला 52.9 व्होल्ट दिसायला हवेत. 20 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर दिसतात 50 ला थोडे कमी, आणि उत्तर 6.2.

कारण स्कोपवर छापलेल्या 20 मेगाहर्ट्झचा अर्थ "इथपर्यंत बरोबर" असा नसतो. त्या फ्रिक्वेन्सीला व्होल्टेज तीस टक्के कमी दिसतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे तिथे पॉवर थेट अर्धी. उतार त्याआधीच सुरू झालेला असतो: 7 मेगाहर्ट्झवर पॉवर 11 टक्के कमी, 14 वर तेहतीस टक्के. मोजायच्या फ्रिक्वेन्सीच्या पाचपट बँडविड्थ असली तरी पॉवरमध्ये चार टक्क्यांची घट राहतेच. चांगला 100 मेगाहर्ट्झचा स्कोप 40 आणि 20 मीटरला पुरतो. 10 मीटरला तोच स्कोप सात-आठ टक्के कमी सांगेल.

प्रोब 10× वरच ठेवा. 1× वर त्याची 100 पिकोफॅरडच्या आसपासची कपॅसिटी लोडला समांतर बसते, 7 मेगाहर्ट्झवर ती सुमारे 227 ओहमची होते आणि लोडच बदलून टाकते. मोजण्याआधी स्कोपच्या चौकोनी लाटेवर प्रोबचा ट्रिमर नीट लावून घ्या. प्रोबवर 300 किंवा 600 व्होल्ट लिहिलेले असतात ते कमी फ्रिक्वेन्सीचे. 30 मेगाहर्ट्झवर तोच प्रोब त्याच्या काही हिश्श्यालाच पुरतो, म्हणून 100 वॅटच्या सेटच्या 200 व्होल्ट पीक-टू-पीकला तो थेट टेकवण्याआधी त्याचा आलेख बघा.

हे सगळं असूनही स्कोपला पर्याय नाही अशी एक जागा आहे: लाट सपाट तर होत नाही ना, हे तोच दाखवतो.

काट्याचा मीटर

9 वॅटचं उत्तर मीटरच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीत असतं. स्वस्त मीटरची अचूकता बहुधा फुल स्केलच्या ±10 टक्के असते. 20 वॅटच्या रेंजवर ते झाले ±2 वॅट, काटा कुठेही असो. 7 चे 9 होणं त्यात बसतं. नामांकित बर्ड 43 या वॅटमीटरची हमीसुद्धा फुल स्केलच्या ±5 टक्के अशीच आहे. 100 वॅटचा एलिमेंट (रेंज ठरवणारा बदलता भाग) घालून 20 वॅट मोजले तर ±5 वॅट, म्हणजे पाव हिस्सा चूक. म्हणून काटा स्केलच्या वरच्या तिसऱ्या भागात येईल अशी रेंज निवडायची.

काट्याला जाब विचारायचा सोपा मार्ग म्हणजे अकलेचा हिशोब. आउटपुट ट्रान्झिस्टरला जाणारा करंट मोजा. 12 व्होल्टला 1.1 ॲम्पिअर जात असतील तर आत 13.2 वॅट जातात. बाहेर 7 आले तर 53 टक्के, एबी क्लासच्या ॲम्प्लिफायरला शोभेल असं. 9 आले तर 68 टक्के. क्लास बीची कागदावरची कमाल मर्यादाच 78.5 टक्के आहे, आणि त्यात फिल्टरने खाल्लेलं अजून धरलेलंच नाही. कोण चुकतंय हे कळायला एवढं पुरे.

अँटेना लावून मोजताना फॉरवर्डमधून (पुढे जाणाऱ्या पॉवरमधून) रिफ्लेक्टेड (परत येणारी) वजा करायला विसरू नका. एसडब्ल्यूआर 2 असताना मीटर 112.5 पुढे आणि 12.5 मागे दाखवत असेल तर अँटेनाकडे जातात 100. काट्याला 112 बघून खूश होणारे पुष्कळ असतात. साधा डायोड प्रोब अशा लाइनवर लावूच नका, एसडब्ल्यूआर 2 ला तो केबलवर कुठे लावला यावर उत्तर निम्म्यापासून दुपटीपर्यंत काहीही येईल.

व्हीएचएफवर केबलही हिशोबात धरायची. 144 मेगाहर्ट्झवर आरजी-58 एका मीटरमागे साधारण 0.2 डेसिबल खाते, म्हणजे साडेचार टक्के. मीटर सेटला चिकटून आहे की मीटरभर लांब, यानेही आकडा बदलतो. 40 मीटरवर मात्र तेवढ्याच केबलचं नुकसान एका टक्क्याच्या आसपास.

बोलताना किती?

सीडब्ल्यूला की दाबून धरली किंवा एफएमला पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की पॉवर स्थिर असते, पीईपी (शिखराची पॉवर) आणि सरासरी एकच. एसएसबीत बोलताना ती दर क्षणाला बदलते. साधा काटा या उड्यांच्या मागे धावू शकत नाही, तो सरासरीच्या जवळपास कुठेतरी डुलतो. अमेरिकेत एफसीसी या नियामक संस्थेची 1500 वॅटची मर्यादाही पीईपीतच सांगितलेली आहे, म्हणजे बोलण्यातल्या सर्वोच्च शिखराच्या एका आरएफ चक्रावरची सरासरी. काही मीटरवर पीईपी असं बटण असतं. त्याच्या आत बॅटरी किंवा बाहेरचा पुरवठा लागणारं सर्किट नसेल तर ते बटण बहुधा एक कपॅसिटर जोडण्यापलीकडे काही करत नाही.

बिटएक्ससारख्या सेटला कॅरिअर (न बोलता निघणारी स्थिर लाट) काढायची सोय नसते. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, 1000 हर्ट्झचा सूर लावा आणि मोबाइल माइकजवळ धरा. एक शुद्ध सूर म्हणजे आरएफला एक स्थिर कॅरिअर, वरची सगळी सूत्रं लागू. आवाज हळूहळू वाढवा, स्कोपवर उंची वाढायची थांबली की थोडं मागे या. दोन सुरांची चाचणी हवी तर दोन मोबाइल घ्या, एकावर 700 आणि दुसऱ्यावर 1900 हर्ट्झ. आधी एकेकटा लावून दोघांचं वाचन सारखं करा, मग दोन्ही एकदम. तेव्हा खरी सरासरी मोजणारा मीटर जे दाखवेल त्याची दुप्पट म्हणजे पीईपी. "हॅलोऽऽ" म्हणून किंवा शिट्टी मारून मोजण्यापेक्षा हे बरं, शिट्टी दर वेळी वेगळी लागते. एकेका वेळी दहा सेकंदांच्या वर दाबून ठेवू नका, आणि आयआरएफ510 च्या हीटसिंकला हात लावून बघत राहा.

मिलिवॅटपासून 100 वॅटपर्यंत एकाच साधनाने मोजायचं असेल तर एडी8307 ही लॉग चिप (डेसिबलच्या प्रमाणात व्होल्टेज देणारी) घेतात. दर डेसिबलला 25 मिलिव्होल्ट, 500 मेगाहर्ट्झपर्यंत चालते. तिला थेट सेट जोडला तर ती मेलीच. डमी लोडच्या गरम टोकापासून 820 ओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक, पुढे जमिनीला 51 ओहम, आणि तिथून 50 ओहमच्या इनपुटला: झाला 40 डेसिबलचा टॅप. 100 वॅटचे 10 मिलिवॅट होतात. त्या तिघांत मिळून 2 वॅट जळतात, म्हणून प्रत्येक 1 वॅटचा घ्या. कॅलिब्रेट न करता ही चिप ±1 डेसिबलपर्यंत चुकू शकते, म्हणजे 7 वॅटचे 5.6 किंवा 8.8.

उष्णतेने निवाडा

आता राहिला मूळ प्रश्न: 7 वॅट हे खरे कशावरून? लोडला आरएफ दिला काय किंवा डीसी दिला काय, 7 वॅटला तो तेवढाच तापतो. आणि डीसी मोजणं आपल्याला नीट येतं. प्रयोगशाळेतले थर्मिस्टर माउंटचे पॉवर मीटर याच तत्त्वावर चालतात.

मल्टिमीटरचा थर्मोकपल (तापमान मोजायची वायर) लोडच्या मधल्या दोन रेझिस्टरांमध्ये दोऱ्याने घट्ट बांधा. लोडवर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि पंखा बंद करा, कारण वाऱ्याची एक झुळूकही वाचन बिघडवते. सुरुवातीचं तापमान लिहा. मोबाइलवर तीन मिनिटं लावा, दहा सेकंदांचा नियम फक्त इथेच मोडून तेवढा वेळ एका सुराचा कॅरिअर सोडा. हीटसिंकवर छोटा पंखा असेल तर तो फक्त सेटकडे वळलेला हवा, लोडकडे नाही. वेळ संपताच सेट बंद करा आणि मगच थर्मोकपलचं सर्वात वरचं वाचन घ्या. आरएफ चालू असताना थर्मोकपलची वायर तो उचलते आणि आकडा हवेतला येतो.

लोड पूर्ण गार होऊ द्या. मग बेंच सप्लाय जोडा आणि तीच तीन मिनिटं, तेच खोकं, तीच सुरुवात. 17.3 व्होल्टला 6 वॅट, 18.7 ला 7, आणि 20 व्होल्टला 8. व्होल्ट आणि ॲम्पिअर दोन्ही मोजून गुणाकारच घ्या, लोड 50 चा आहे की 51.3 चा हा प्रश्नच राहत नाही. तीन बिंदू कागदावर मांडून रेघ ओढा, आणि आरएफने जेवढं तापमान वाढलं होतं ते रेघेवर कुठे पडतं ते बघा. एकूण वाढ 25 अंशांची असेल आणि वाचायला अर्धा अंश चुकलो तर चूक दोन टक्क्यांची.

एकदा एवढं केलं की त्याच सेटवर, त्याच पॉवरला डायोडचं वाचन घेऊन लोडच्या डब्यावर स्केचपेनने लिहून ठेवा: 26.1 व्होल्ट, 7 वॅट, 40 मीटर, तारीख. पुढच्या वेळी डायोड गळका झाला असेल तर याच आकड्याशी ताडून कळेल.